भिंतीआडची टीम

सप्टेंबर २०१५. मलेशियातल्या निलाई या गावी आशियाई फुटबॉल महासंघाची महिलांची पहिलीवहिली फुटसाल स्पर्धा भरणार होती. इराणची टीम तयार होती. कॅप्टन होती निलूफर अर्दलान. वय तीस, फुटबॉल आणि फुटसाल दोन्ही खेळणारी, चाहत्यांमध्ये 'लेडी गोल' म्हणून ओळखली जाणारी. टीम मलेशियाला गेली आणि कॅप्टन तेहरानमध्येच राहिली.

दुखापत नव्हती. फॉर्म गेला नव्हता. संघातून वगळलंही नव्हतं. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं होतं आणि त्या कागदावर नवऱ्याची सही नव्हती. नवरा क्रीडा पत्रकार. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस आहे, त्या वेळी आईने घरी असायला हवं, असं त्याचं म्हणणं. इराणी कायद्यात विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची संमती लागते. विषय संपला.

ही बातमी तेव्हा जगभर गाजली. पण बहुतेक ठिकाणी ती नवऱ्यापाशी सुरू झाली आणि नवऱ्यापाशीच संपली. मला त्याच्या मागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या देशात बायकांना पुरुषांचा फुटबॉल सामना स्टेडियममध्ये बसून बघता येत नव्हता, त्या देशात आशियातली सर्वात तगडी महिला फुटसाल टीम तयार झाली कशी? ती आली कुठून?

या टीमचा इतिहास बघितला की 'परवानगी' आणि 'हक्क' या दोन शब्दांमधलं अंतर नीट कळतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी फुटसाल म्हणजे काय, ते थोडक्यात. छपराखाली, साधारण ४० बाय २० मीटरच्या टणक कोर्टवर खेळला जाणारा फुटबॉल. एका बाजूला पाच खेळाडू, त्यात एक गोलकीपर. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान आणि कमी उसळणारा. उरुग्वेतल्या मोंतेविदेओमध्ये १९३० साली हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने वायएमसीएमधल्या मुलांसाठी हा खेळ बसवला. मोठ्या मैदानाची गरज नाही, पावसाची भीती नाही. एक हॉल असला की झालं. हा 'एक हॉल' लक्षात ठेवा, आपली सगळी गोष्ट त्या हॉलभोवती फिरते.

आता इराण. १९७० च्या दशकात, शहाच्या राजवटीत, तिथे मुली फुटबॉल खेळत होत्या. तेहरानच्या ताजसारख्या नावाजलेल्या क्लबांचे महिला संघ होते. १९७९ ला क्रांती झाली आणि हे सगळं थांबलं. हिजाब सक्तीचा झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बायकांना पुरुषांच्या फुटबॉल सामन्यांना प्रवेश मिळेना. गंमत म्हणजे असा कुठला कायदा संसदेने केल्याचं कोणी दाखवू शकत नाही. दारावरचा माणूस नाही म्हणतो, एवढंच. त्यात १९८० ते ८८ इराकशी युद्ध. खेळाचा विचार करायला कोणाला वेळ होता!

युद्ध संपलं, रफसंजानी अध्यक्ष झाले आणि त्यांची मुलगी फाएझे हाशेमी या कामात उतरली. बाई मोठी खटपटी. तिचा युक्तिवाद साधा होता. बायकांनी परपुरुषांसमोर खेळायचं नाही असं तुम्ही म्हणता ना? ठीक आहे. मग पुरुषांना बाहेर काढा आणि बायकांना खेळू द्या. यातूनच १९९३ साली तेहरानमध्ये इस्लामी देशांतल्या महिलांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. पुढे १९९७, २००१ आणि २००५ मध्येही त्या झाल्या. हॉलमध्ये खेळाडू बायका, पंच बायका, प्रेक्षक बायका. पुरुष नाही, कॅमेरा नाही. त्यामुळे आत हिजाबचीही गरज नाही. खेळाडू जगात इतरत्र घालतात तसे साधे खेळाचे कपडे घालून खेळायच्या.

यावर तेव्हाही दोन्ही बाजूंनी टीका झाली. कर्मठ मंडळींना बायकांनी खेळावं हेच मान्य नव्हतं. दुसरीकडे, हे तर वेगळं ठेवण्यालाच मान्यता देणं झालं, असं म्हणणारेही होते. दोघांच्याही बोलण्यात काही ना काही तथ्य होतं. पण एक गोष्ट झाली. ज्या घरांनी मुलीला उघड्या मैदानावर कधीच पाठवलं नसतं, त्या घरांनी तिला 'फक्त बायकांच्या' हॉलमध्ये पाठवलं. आणि अशा हॉलमध्ये फुटबॉल खेळायचा तर तो कुठला? फुटसालच!

बघा, मोठं स्टेडियम बंद करता येत नाही. आजूबाजूच्या इमारतींतून दिसतं, आवाज बाहेर जातो. हॉलचं तसं नाही. दार लावलं, काचांना पडदे लावले, विषय मिटला. राज्यकर्त्यांना बायकांचा खेळ नजरेआड ठेवायचा होता आणि फुटसाल हा नजरेआड खेळता येणारा फुटबॉल होता. विद्यापीठांच्या व्यायामशाळांमध्ये तो रुजला. तेहरानचं अल-झहरा विद्यापीठ तर फक्त मुलींचंच, तिथे अडचणच नव्हती.   क्रांतीनंतरच्या पिढीने फुटबॉल शिकला तोच मुळी छपराखाली. लहान जागेत चेंडू पायाशी ठेवणं, दोन पासमध्ये बचाव फोडणं, भिंतीच्या कडेला अडकलेल्या चेंडूतून वाट काढणं, हे त्यांच्या अंगात मुरलं.

१९९७ हे वर्ष या सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात सुधारणावादी खातमी निवडून आले. नोव्हेंबरच्या शेवटी इराणच्या पुरुष संघाने मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाशी २-२ बरोबरी साधून पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळवलं. तेहरानचे रस्ते भरून गेले. टीमच्या स्वागताचा कार्यक्रम आझादी स्टेडियममध्ये ठेवला होता. बायकांनी घरी टीव्हीवर बघावं असं सरकारी आवाहन होतं. तरी हजारो बायका स्टेडियमवर गेल्या आणि दार रेटून आत शिरल्या. फुटबॉल हा इराणमध्ये फक्त पुरुषांचा विषय नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

२००१ आणि २००५ च्या तेहरानच्या महिला स्पर्धांमध्ये फुटसाल होतं. ब्रिटनमधून मुस्लिम मुलींची एक फुटसाल टीमसुद्धा दोन्ही वेळी खेळायला आली होती. म्हणजे देशाच्या नावाने खेळणारी, दुसऱ्या देशाच्या संघाशी भिडणारी टीम याच भिंतीआड आकाराला आली. त्या सामन्यांची दृश्यं तुम्हाला फारशी सापडणार नाहीत. कॅमेराच नव्हता ना! या टीमच्या सुरुवातीच्या वर्षांची आठवण आहे ती त्या हॉलमध्ये बसलेल्या बायकांपाशी. पहिला गोल कोणी कसा मारला, कोणत्या पासवर अख्खा हॉल उभा राहिला, हे टीव्हीवर कोणी पाहिलं नाही, पेपरात फोटो आला नाही. भिंतीने जागा दिली खरी, पण त्या जागेचं भाडंही घेतलं.

मग प्रश्न आला बाहेर पडण्याचा. सप्टेंबर २००५ मध्ये इराणचा महिला फुटबॉल संघ जॉर्डनला अम्मानमध्ये पश्चिम आशियाई स्पर्धा खेळायला गेला आणि उपविजेता ठरून आला. एप्रिल २००६ मध्ये बर्लिनमधल्या एका क्लबच्या मुली तेहरानला येऊन इराणच्या संघाशी खेळल्या. प्रेक्षक फक्त बायका. सामना २-२. त्यावर 'फुटबॉल अंडर कव्हर' नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघा. त्याच एप्रिलमध्ये अध्यक्ष अहमदीनेजाद यांनी बायकांना स्टेडियममध्ये येऊ द्या असं जाहीर केलं. हो, तेच अहमदीनेजाद! धर्मगुरूंनी गदारोळ केला, सर्वोच्च नेत्यांनी नकार दिला आणि काही दिवसांतच निर्णय मागे गेला. देशाच्या अध्यक्षाला देता आली नाही अशी ती परवानगी.

परदेशात खेळायचं म्हणजे प्रेक्षकांत पुरुष असणार, कॅमेरे असणार. म्हणून इराणी सरकारचा नियम: पूर्ण बाह्या, पूर्ण पॅंट, डोक्याला हिजाब. तो घालून बाहेर पडल्या तर समोर दुसरी भिंत. २००७ मध्ये कॅनडात अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाबमुळे सामन्यातून बाहेर काढलं गेलं आणि फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने ती बंदी योग्य ठरवली. कारण दिलं नियमांचं, पुढे गळ्याला फास बसण्याच्या धोक्याचं. जून २०११ मध्ये अम्मानमध्ये ऑलिम्पिक पात्रता फेरीत इराणच्या मुली मैदानात उतरल्या, राष्ट्रगीत झालं, आणि सामना सुरू होण्याआधीच त्यांना अपात्र ठरवलं. जॉर्डनला ३-० असा विजय बहाल झाला. मैदानावर रडणाऱ्या त्या मुलींचे फोटो तेव्हा जगभर छापून आले.

म्हणजे घरचे म्हणणार, डोकं झाकल्याशिवाय खेळायचं नाही. बाहेरचे म्हणणार, डोकं झाकून खेळायचं नाही. दोन्हीकडे नियम करणारे बहुतेक पुरुष आणि दोन्हीकडे सामना गमावणाऱ्या मुली. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी फिफामध्ये हा विषय लावून धरला. सहज सुटेल असा हिजाब तयार झाला. जुलै २०१२ मध्ये त्याला तात्पुरती आणि मार्च २०१४ मध्ये कायमची मान्यता मिळाली.

त्यानंतर दीडच वर्षात निलाईची ती स्पर्धा आली. पुरुषांची आशियाई फुटसाल स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली होती आणि पहिलं विजेतेपद इराणने घेतलं होतं. महिलांची स्पर्धा सुरू व्हायला त्यानंतर १६ वर्षं लागली. २६ सप्टेंबर २०१५ ला फायनल झाली, समोर जपान. फेरेश्ते करीमीच्या एका गोलवर इराणने १-० ने सामना जिंकला. पुरुषांसारखंच बायकांचंही पहिलं आशियाई विजेतेपद इराणकडे. कॅप्टनशिवाय.

आता त्या कॅप्टनकडे परत येऊ. ज्या पासपोर्ट कायद्याने निलूफरला अडवलं, तो कायदा आयातुल्लांनी केलेला नाही. तो १९७३ चा आहे, शहाच्या काळातला! सूटबूटवाल्या 'आधुनिक' राजवटीने केला आणि क्रांतीनंतरच्या राजवटीने तो आनंदाने चालू ठेवला. सिंहासनं उलथली, झेंडा बदलला, रस्त्यांची नावं बदलली. नवऱ्याच्या सहीची जागा तेवढी तशीच राहिली. एखादी गोष्ट 'धर्मामुळे' किंवा 'मागासलेपणामुळे' आहे असं पटकन ठरवून टाकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

निलूफर गप्प बसली नाही. अशा वेळी महिला खेळाडूंना आपला हक्क राखता येईल अशी काही तरतूद करा, अशी मागणी तिने जाहीरपणे केली. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये ग्वातेमालात महिला फुटसालची जागतिक स्पर्धा होती. या वेळी सरकारी वकिलांच्या कार्यालयाने हस्तक्षेप करून तिला देश सोडण्याची परवानगी दिली. ती गेली, खेळली.

पण परवानगी कसली होती, ते बघा. फक्त त्या प्रवासापुरती. कायदा होता तसाच राहिला. एका खेळाडूची अडचण एकदा दूर झाली, कारण ती प्रसिद्ध होती आणि बोभाटा झाला होता. जिचं नाव पेपरात येत नाही, तिचं काय? आणि प्रसिद्ध असूनही भागतंच असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये इटलीतल्या जागतिक स्कीइंग स्पर्धेसाठी इराणचा महिला संघ निघाला तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक समीरा जरगारी मागे राहिल्या. कारण तेच. नवऱ्याची संमती नाही. सहा वर्षं लोटली, खेळ बदलला, सहीचा रकाना तोच.

टीम मात्र थांबली नाही. मे २०१८ मध्ये बँकॉकला दुसरी आशियाई स्पर्धा झाली. या वेळी १५ संघ होते. प्रशिक्षक शहरजाद मोजफ्फर. फायनलला पुन्हा जपान आणि इराणने ५-२ ने धुव्वा उडवला. पहिलं विजेतेपद नशिबाने मिळालं असेल, असं म्हणायची सोयच ठेवली नाही. त्यांच्याच देशाचा सरकारी टीव्ही मात्र तेव्हा बायकांचे सामने दाखवत नव्हता. आशियाची विजेती टीम, आणि घरच्या लोकांनी तिला बघायचं म्हणजे परदेशी वाहिनीवर किंवा मोबाइलवर.

इथे आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये महिला कबड्डीच्या फायनलला इराणने भारताला २७-२४ असं हरवलं, ते आठवत असेल. आपल्याला फार लागलं होतं ते. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा बऱ्याच लोकांना प्रश्न पडला होता, या हिजाब घातलेल्या मुली इतक्या चपळ आणि ताकदवान कशा? उत्तर तेच. बंद हॉलमधली कित्येक वर्षांची मेहनत. जगाने त्यांना त्या दिवशी पाहिलं, त्या खेळत होत्या कधीपासून!

पुढचं थोडक्यात. २०२० ची आशियाई फुटसाल स्पर्धा कुवेतला व्हायची होती, ती कोरोनामुळे रद्द झाली. पुढची स्पर्धा थेट मे २०२५ मध्ये चीनमधल्या होहोट शहरात झाली. म्हणजे सलग दोनदा जिंकलेल्या टीमला आपलं विजेतेपद राखण्याची संधी सात वर्षांनी मिळाली. खेळाडूच्या आयुष्यात सात वर्षं म्हणजे अख्खी कारकीर्द. या वेळी जपान जिंकला, इराण तिसरा आला आणि त्या जोरावर फिफाच्या पहिल्या महिला फुटसाल वर्ल्ड कपला पात्र ठरला. तो वर्ल्ड कप २०२५ च्या अखेरीस फिलिपिन्समध्ये झाला, ब्राझीलने जिंकला. पुरुषांचा पहिला फिफा फुटसाल वर्ल्ड कप कधी झाला होता? १९८९ मध्ये. छत्तीस वर्षांचं अंतर! त्यामुळे सगळं खापर तेहरानवर फोडू नका. फिफाच्या झुरिकच्या ऑफिसात तर कोणी सक्तीचा पडदा पाळत नाही ना?

स्टेडियमचं काय झालं? २०१९ मध्ये सहर खोदायारी ही तरुणी पुरुषांच्या वेषात सामना बघायला गेली, पकडली गेली. तुरुंगवास होणार या भीतीने तिने कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि त्यात ती गेली. जग हादरलं, फिफाने दबाव आणला आणि १० ऑक्टोबर २०१९ ला कंबोडियाविरुद्धच्या सामन्यासाठी बायकांना आझादी स्टेडियममध्ये घेतलं. इराण १४-० ने जिंकला. तिकिटं मात्र मोजकी, बसायची जागा वेगळी, भोवती कुंपण. म्हणजे पुन्हा परवानगीच. तीही मोजून दिलेली.

इराणचं सरकार या टीमकडे बोट दाखवून सांगू शकतं, बघा, आमच्या व्यवस्थेत बायका चॅम्पियन होतात. टीका करणारे म्हणू शकतात, बघा, बिचाऱ्यांवर किती अत्याचार. मला दोन्ही पटत नाही. या मुली बिचाऱ्या नाहीत आणि सरकारच्या कृपेने चॅम्पियनही झालेल्या नाहीत. त्यांना एक बंद खोली मिळाली आणि तिचं त्यांनी मैदान केलं. पण खोली ज्याची, किल्ली त्याच्याकडेच राहिली. छपराची परवानगी, कपड्याची परवानगी, सहीची परवानगी, तिकिटाची परवानगी. दर पावलाला परवानगी मिळवत मिळवत त्या आशियाच्या शिखरावर गेल्या. तरी यातली एकही परवानगी हक्क झाली नाही. दिलेली परवानगी कधीही काढून घेता येते, हक्काचं तसं नसतं. दोन विजेतेपदांनी कपाटात कप आले, पासपोर्टच्या कायद्यातली एक ओळ हलली नाही. नुसतं जिंकून कायदे बदलत नाहीत, ते वेगळे बदलावे लागतात.

आणि आपण? भारताची महिला फुटसाल टीम पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरली ती जानेवारी २०२५ मध्ये, इंडोनेशियात, याच आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत. आपल्याकडे मुलींच्या खेळण्यावर बंदी नाही, पासपोर्टला नवऱ्याची सही लागत नाही, टीव्हीवर दाखवायला मनाई नाही. तरी इराणच्या मुली दोनदा आशिया जिंकून मोकळ्या झाल्यावर आपण सुरुवात केली. कायद्याचं कुंपण नसताना आपल्याला कोणी अडवलं होतं?

हल्ली आपल्या गावागावांत टर्फ झालेत. पाच-पाच जणांचा फुटबॉल तिथे रोज रात्री उशिरापर्यंत रंगतो. संध्याकाळी सातच्या स्लॉटला तिथे कोण खेळत असतं आणि त्यांच्या वयाच्या मुली त्या वेळी कुठे असतात, एवढं एकदा बघून या. आपल्याकडे सहीचा रकाना छापलेला नाही. पण 'घरी विचारून सांगते' हे वाक्य आपल्या मुलींना अजून किती वेळा म्हणावं लागतं, ते त्यांनाच विचारा. कमेंटमध्ये लिहिलंत तरी चालेल, वाचेन.